डाव्या माशाची शेपटी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला, वाणी, सख्खी बहीण, कुणावरच माझा चटकन विश्वास बसत नाही. पण आयुष्यात सगळ्यात जास्त संशय मी बाबांचा घेतला, आणि तिथंच तोंडघशी पडले.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, राहायला काळाचौकीच्या चाळीत. बाबा मिलमध्ये साड्यांच्या काठांची नक्षी चौकड्यांच्या कागदावर उतरवायचे. संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जायचे आणि घसा बसवून घरी यायचे. त्याच सुमाराला इस्रायलला गेलेल्या काकांची पत्रं वाढली. पत्र आलं की बाबा ते गॅलरीत नेऊन वाचायचे. आईनं विचारलं तर "खुशाली आहे" एवढंच. चार पानं भरून नुसती खुशाली? एकदा त्यांचा कोट झटकताना मला आतल्या खिशात तिकडं जायचा कोरा फॉर्म सापडला. मुंबई आमची म्हणून रस्त्यावर बोंबलायचं, आणि खिशात मुंबई सोडायचा कागद. माझं डोकंच फिरलं. मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"मी कुठं जायची नाही," ती म्हणाली. "माझी आई इथल्या मातीत आहे."

चार-आठ दिवसांनी बाबांनी तिच्याकडे केतुबा मागितला. केतुबा म्हणजे आमच्यातला लग्नाचा करारनामा. नवऱ्यानं बायकोला काय काय द्यायचं ते त्यात लिहिलेलं असतं, आणि तो कागद बायकोच्या मालकीचा. आईचा केतुबा तिच्या मामांनी रंगवलेला होता. चारी बाजूंनी मोगऱ्याचा वेल, वर दोन पोपट, खाली समोरासमोर दोन मासे, आणि माशांच्या एकेका खवल्याला सोनेरी रेघ. तिकडं जायचं तर इस्रायलच्या मुंबईतल्या ऑफिसात लग्नाचा पुरावा म्हणून तो दाखवावा लागणार होता. आईनं ट्रंक उघडली. केतुबा नव्हता.

"तुम्हीच नेलात," आई म्हणाली.

"मी नेला असता तर मागितला कशाला असता?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हटलं. मनात कसलं, तोंडावरच बोलले. बाबा चपला घालून सभेला निघाले, तेव्हा माझी खात्रीच पटली.

केतुबा हरवला तर दुसरा लिहून होईपर्यंत नवराबायकोनं एकत्र राहायचं नाही, असा आमचा नियम. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझान येऊन तेच सांगून गेले. "छापील कागद मिळतो, परवा काम उरकून टाकू," असंही म्हणाले. बाबा म्हणाले, "छापील नको. मधला मजकूर तुम्ही लिहा, काठ मी काढतो." आणि त्यांची गादी गॅलरीत गेली. जेवायला आत, झोपायला बाहेर. पावसाळा सरत आला होता तरी मधूनच झड यायची, गादीचं एक टोक भिजायचं. मला जराही दया आली नाही. एवढी नक्षी काय बायकोसाठी चाललीय? ऑफिसातल्या साहेबावर छाप पाडायला चाललीय, दुसरं काय. मी त्यांच्यापुढं चहाचा कप आदळून ठेवायची. आई तर त्यांच्याशी बोलतच नव्हती.

तीन रविवार बाबा गॅलरीत पाट मांडून बसले. हात साडीला सरावलेला, त्यामुळे मोगऱ्याचा वेल म्हणून काढायला गेले ती काठाची रुईफुलं झाली. पोपट त्यातल्या त्यात बरे. तिसऱ्या रविवारी मासे घेतले. शेजारची मालवणी काकू पाणी भरून येताना वाकून बघत म्हणाली, "हो मासो आसा काय भेंडी?"

आई भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातांनी दारात आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती बाबांशी बोलली.

"खवलं कुठायत? बिनखवल्याचा मासा आपल्या घरात शिजत नाही, तो केतुब्यावर कसा चालेल?"

"मग सांग कशी काढू."

"एकाआड एक घ्या. उजव्याचं तोंड जरा उघडं. डाव्याची शेपटी वर वळलेली. आता तिथं कसरीनं भोक पाडलंय, पण होती वर वळलेलीच."

बाबांचा ब्रश थांबला. चैत्रात वल्हांडण सणाच्या साफसफाईत तो कागद मीच उन्हाला धरला होता, आणि शेपटी चांगली शाबूत होती. त्यानंतर केतुबा बाहेर निघालाच नव्हता. मग भोक आईनं कधी बघितलं? मी तिच्याकडे पाहिलं. ती हाताचं पीठ खरवडत होती.

"वर वळलेली ना? बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी ब्रश बुडवला.

त्यांच्या लक्षात आलं नाही, भोळे आहेत, असं मला वाटलं. मला स्वतःची लाज वाटली आणि आईचा भयंकर राग आला. पण मी गप्प बसले. आईनं तो कागद का लपवला ते मला कळत होतं, आणि मलाही इथून कुठं जायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हझानांनी मजकूर लिहिला, वाचला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. नियमाप्रमाणे बाबांनी कागद आईच्या हातात दिला. तिनं खाली माशांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी वाकून बघितलं. खवलं बरोबर होती. डाव्या माशाची शेपटी वर वळलेली होती, आणि तिच्यात बाबांनी बारीक ब्रशनं एक भोक काढलं होतं, कुरतडलेल्या कडांसकट.

"घे, तुझा आहे," बाबा हळूच म्हणाले. "पहिला जिथं ठेवलायस तिथंच हाही ठेव."

तो फॉर्म त्यांनी कधी भरला नाही. संध्याकाळी आईनं गॅलरीतली गादी स्वतः ओढत आत आणली, आणि मी चहा करून कप बाबांच्या हातात दिला.