हुंकाऱ्याची फाईल

गावोगावच्या जुन्या आठवणी कॉम्प्युटरमध्ये साठवायच्या, असं आम्ही दोघांनी ठरवलं तेव्हा वाटलं होतं की फोटो साठतील, आवाज साठतील. साठले ते किस्सेच जास्त! आणि ते सांगायला घरी कोणी नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. म्हणून तुम्हाला पकडलं.

आम्ही दोघं म्हणजे मी, रिटायर झालेला मराठीचा मास्तर, आणि अफसर. अफसरचा राजूरला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचा सीझन संपला की त्याचा स्कॅनर रिकामा आणि तोही रिकामा. मी तर बारा महिने रिकामाच.

*

पहिला कॅम्प केदारखेड्याला. आदल्या दिवशी मंदिराच्या स्पीकरवरून सांगितलं, "घरातले जुने फोटो घेऊन या, स्कॅन करून लगेच परत मिळतील." सकाळी बघतो तर ही लाइन! आम्ही खूश.

पहिल्याच माणसानं टेबलावर आधार कार्ड ठेवलं. मागच्याच्या हातात रेशन कार्ड. सगळ्यांना वाटलं, नवीन योजना आली.

मी म्हणालो, "अहो, जुना फोटो पाहिजे!"

"हा जुनाच हाय की सर," तो कार्डावर बोट ठेवून म्हणाला. "आता मी असा दिसतो का?"

*

त्याच दुपारी एक म्हातारी स्वतःच्या लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन आली. सासरे, दीर, जावा, सगळ्यांची नावं तिनं घडाघडा सांगितली. कडेवरच्या पोरांचीसुद्धा!

"आणि मधली नवरी म्हणजे तुम्हीच ना?" मी विचारलं. "नाव सांगा."

"तव्हाचं का आताचं?"

आमच्या फॉर्मवर नावाचा रकाना एकच. लग्नात नाव बदलतं हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. अफसर म्हणाला, "तेव्हाचं सांगा, मावशी."

तिनं फोटोतल्या नवरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "राहू द्या. त्या नावानं हाक मारणारं आता कोणीच राह्यलं न्हाई."

अफसरनं फॉर्ममध्ये 'माहेरचं नाव' असा रकाना वाढवला. म्हातारी दारापर्यंत गेली, परत आली आणि ते नाव त्याच्या कानात सांगून गेली.

*

आता कचरूनाना. पोरं चाकणला कंपनीत, नाना गावात एकटेच. एके काळी खळ्यावर कहाण्या सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सात विहिरींची कहाणी तर आता फक्त त्यांनाच येत होती. ती आम्हाला काहीही करून पाहिजे होती.

अफसरनं समोर मोबाइल ठेवला. नाना बोलेनात.

"सुरू झालंय, नाना."

"याला सांगू? हुंकारा कोण देईल?"

खरंच की! कहाणी ऐकणाऱ्यानं 'हं, मंग?' म्हणत राहायचं. हुंकारा थांबला की सांगणारा विचारतो, "निजले का?" उत्तर नाही आलं तर कहाणी तिथंच बंद. हा नियमच आहे.

अफसर म्हणाला, "लो सर, रिटायर होऊन पोस्ट भेटली. हुंकारा अधिकारी!"

मग दोन कॉलर माइक आणले, एक नानांना, एक मला. नानांच्या बंडीला कॉलरच नाही, म्हणून त्यांचा टोपीला लावला. चार दिवस नाना सांगत होते आणि मी 'हं' म्हणत होतो. खरं सांगतो, किती तरी वर्षांत मी एवढा कोणाशी बोललो नव्हतो.

*

अफसरनं रेकॉर्डिंग 'क्लीन' केलं. म्हणजे काय, तर माझा माइक पूर्ण बंद! नाना ऐकायला बसले आणि दोन मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला.

"सर, हा माणूस कोणाला सांगून राह्यला?"

"तुम्हीच आहात ते, नाना."

"ते कळतंय मला. समोर कोणीच न्हाई. येडा झाल्यावानी वाटतो."

अफसरनं कान धरले आणि माझा आवाज परत जोडला. कहाणी पूर्ण झाली, आमच्या वेबसाइटवर चढली, आमचं नानांकडचं काम संपलं.

निघताना नानांनी अफसरला थांबवलं. "ते सरांचं नुसतं हं हं काढल्तं ना, ते मला दे. कहाणी राहू दे, ती मला येते." अफसरनं ती फाईल त्यांच्या साध्या फोनच्या मेमरी कार्डात टाकली आणि कशी लावायची ते दहा वेळा शिकवलं.

*

महिनाभरानं दुपारी मी सहजच नानांकडं गेलो. दार लोटलेलं होतं. आतून माझाच आवाज आला, "हं."

"मंग काय," नाना म्हणत होते, "आज चूल पेटवलीच न्हाई. सकाळची भाकर व्हती."

"हं. मंग?"

"मंग थोरल्याचा फोन येईल म्हणून बसलो. आला न्हाई. ड्युटी असंल."

"हं."

मी पायरीवर बसलो. आत फाईल संपली असावी, कारण माझा आवाज बंद झाला. नानांनी विचारलं,

"सर? निजले का?"

मी बाहेरूनच म्हणालो, "हं. मंग?"

"मंग," नाना म्हणाले, "थोरला काही मनानं वाईट न्हाई..."