रागाच्या पानावर बाबा

तालुक्याहून आलेल्या पेटीत खरंखुरं रंगीत पुस्तक निघालं, तेव्हा मी इतकी हरखले की ते छातीशी धरून खोलीभर नाचले. बालवाडीतली एकतीस पोरं आ वासून बघत राहिली. बाई नाचतात ही बातमी त्यांनी इमानदारीने घरोघरी पोचवली आणि दुसऱ्या दिवशी चार आया काही काम नसताना दारातून डोकावून गेल्या. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, चंद्रपूरहून चामोर्शीजवळच्या त्या गावात नव्यानेच आलेली. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मला हसू लवकर यायचं आणि राग त्याहून लवकर.

पुस्तकात एकाच मुलाची चित्रं होती, पानापानावर वेगळा चेहरा. चित्र दाखवायचं आणि विचारायचं, याला काय वाटतंय? तुला असं कधी वाटतं का? म्हणजे लेकरं आपल्या मनातलं ओळखायला शिकतात, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. माझा त्यावर ठार विश्वास होता. आजही आहे, पण त्या पुस्तकावर मात्र उरला नाही.

पहिलं पान आनंदाचं. मुलगा टेबलाशी बसलेला, समोर केक, केकवर पेटलेल्या मेणबत्त्या.

"काय वाटून राह्यलं याले?" मी विचारलं. महिनाभरात मीही तिथलं बोलायला लागले होते.

"बाई, त्याच्या भाकरीले आग लागली!"

"इझवा! इझवा!" म्हणत सगळी फुंकायलाच लागली. पान ओलं झालं. दुसरं पान रागाचं. मुलगा हात काखेत घालून, गाल फुगवून उभा. दिवस थंडीचे होते आणि आमच्याकडचं प्रत्येक लेकरू सकाळी अगदी तस्संच उभं असायचं.

"थंडी वाजून राह्यली त्याले," एक जण कळवळून म्हणाला आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून त्याने पुस्तकाला पांघरला. तिसऱ्या पानावर मुलगा गळ्यात पट्टा असलेल्या कुत्र्याला घाबरला होता. त्यावर तर हसून हसून दोघं मागे कलंडली. जंगलाकडेने राहणारी पोरं, त्यांना पट्टेवाल्या कुत्र्याची कसली भीती! दुःखाच्या पानावर आइस्क्रीमचा कोन जमिनीवर पडला होता. "त्याचा भोंगा पडला," असा निकाल लागला. नाटकाच्या दिवसांत गावात भोंगेच भोंगे दिसायचे, त्यामुळे त्यांचंही चुकलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि पेटीत ठेवून दिलं.

धान घरात आलं की आमच्या भागात शंकरपट भरतो, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पट म्हटला की नाटक आलंच. गावच्या मंडळाने त्यासाठी वडशाहून एक पेंटर आणला होता. शाळेच्या ओसरीत, माझ्या खोलीला लागूनच, तो राजवाड्याचा पडदा रंगवत बसायचा. मी त्याला साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे नेऊन दिले आणि म्हटलं, भाऊ, मला चार चेहरे काढून द्या. आनंद, राग, भीती, रडू.

"राग कसा पायजे बाई? लहान का मोठा?"

"लेकरांना कळेल असा."

"मंग मोठाच काढतो," तो म्हणाला.

त्याने आयुष्यभर नाटकाचे बोर्ड रंगवले होते, त्यामुळे चेहरा म्हटलं की त्याला शेवटच्या रांगेतून दिसेल एवढाच काढता यायचा. रडण्याच्या पानावर काठापदराची बाई आणि तिच्या गालांवर बोराएवढाली आसवं. भीतीच्या पानावर झाडाला लटकलेला माणूस आणि खाली अस्वल. आनंदाच्या पानावर पट जिंकलेला शेतकरी, बैलाच्या गळ्यात गळा घालून बत्तीस दात दाखवणारा. बैलाचेही दात दिसत होते. आणि रागाच्या पानावर व्हिलन, पिळदार मिशा, चढलेली भुवई, रक्ताळलेले डोळे. हे डोळे मात्र माझे होते. आमच्या प्यायच्या पाण्याच्या गुंडात त्याने कुंचला बुडवला, मी त्याच्या अंगावर धावून गेले, तर हा शांतपणे म्हणतो, "तशाच राहा बाई, हालू नोका." ते पान बघून मला स्वतःचीच भीती वाटली होती.

पुठ्ठ्यांना भोकं पाडून सुतळी ओवली. मांडीवर मावत नव्हतं असं पुस्तक झालं. मग मी एक पद्धत लावली. सकाळी आल्याबरोबर प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचा. सुतळी सोडून चारी पानं जमिनीवर पसरायची. आज ज्याला जसं वाटत असेल, त्याने त्या पानावर आपला चिंचोका ठेवायचा आणि का ते सांगायचं.

पहिल्या दिवशी एकतीसपैकी एकोणतीस चिंचोके रागावर पडले. कोणालाच राग आलेला नव्हता, सगळ्यांना मिशी आवडली होती. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग चुलीतल्या कोळशाने मिशा काढून आला, त्यात पोरी जास्त. घरी ही मंडळी भुवई चढवून जेवायला मागायला लागली. आया माझ्या दारात.

"बाई, तुमी लेकरायले राग शिकवून राह्यल्या का? आमच्या घरी काय कमी होता?"

मी त्यांना समजावलं आणि मनात म्हटलं, चुलीत गेलं ते प्रशिक्षण. पण आठवड्याभरात नवल घडलं. चिंचोके इकडेतिकडे सरकायला लागले. एकाने रडण्याच्या पानावर ठेवला, त्याची शेळी विकली गेली होती. एकीने आनंदावर ठेवला आणि कारण सांगितलं, "आज माय ओरडलीच नाई." मी त्या दिवशी पुन्हा नाचले, पण दार लावून.

एकच चिंचोका कुठेच पडत नव्हता. चार वर्षांची एक पोरगी होती. दिवाळीत तिचं तोंड घडीभर मिटत नसे. आता पंधरा दिवस झाले होते, ती उंबऱ्यावर बसायची, चिंचोका घ्यायची, मुठीत घट्ट धरायची आणि सुट्टी झाली की तसाच घरी न्यायची. बोलणं बंद. खाणंही नावाला. आई म्हणायची, दृष्ट लागली असेल. मला घास गोड लागेना.

मग एका सकाळी ती उठली. पानांपाशी आली आणि तिने चिंचोका भीतीवर ठेवला. मी पुढे सरकले. तिने रागाच्या पानावरच्या मिशीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "बाबा." एवढं बोलून चिंचोका उचलून पुन्हा उंबऱ्यावर गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा बाप गावात गायीसारखा गरीब म्हणून ओळखला जायचा, प्रत्येक वाक्याला जी लावणारा, बैलाला चुकून पाय लागला तर त्याच्या पाया पडणारा. बाहेर हे सोंग आणि घरी लेकराला मारतो! दुपारी बालवाडी सुटल्याबरोबर मी तरातरा त्याच्या घराकडे निघाले. गल्लीतूनच आवाज ऐकू आला, "आज तुझा मुडदा पाडल्याशिवाय मी इथून हलणार नाही!" मी दारातली केरसुणी उचलली आणि आत घुसले.

"खबरदार!" मी ओरडले.

अंगणात तो एकटा उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात लाकडी उलथणं. समोर धानाची कणगी होती, तिला त्याने बायकोचं लुगडं नेसवलं होतं. कणगीच्या डोक्यावर पदरसुद्धा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, केरसुणीकडे पाहिलं आणि गोंधळून विचारलं, "बाई, तुमचं वाक्य यात कुठी आहे जी?"

मी मटकन खाली बसले. हसू इतकं दाटून आलं की डोळ्यांतून पाणी आलं. तोही हसायला लागला, काय झालं हे न कळताच. मग मी सांगितलं आणि त्याचं हसू जागीच विरलं.

गेले बारा हिवाळे तो मंडळाची बाकडी उचलत होता. कधी शिपाई, कधी मुडदा. बोलायचा पार्ट कधी मिळाला नाही. यंदा व्हिलनचं काम करणारा माणूस नोकरीला लागून निघून गेला आणि पार्ट याच्याकडे आला. तेव्हापासून शेतातून आला की तो अंगणात उभा राहून गर्जत होता, घरात दाताला दात लावून पुटपुटत होता, आरशात डोळे फिरवत होता. आपलं लेकरू दाराआडून हे बघतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याला वाटायचं, पोरगी आजारी आहे म्हणून जवळ येत नाही.

"पार्ट वापस करतो बाई," तो म्हणाला. "लेकरू मले भेते. काय करू त्या पार्टाले?"

"वापस करायचा नाही," मी ठणकावलं. "पटाला आठ दिवस आहेत. उद्यापासून बालवाडीत या."

तो आला. पोरांमध्ये मांडी घालून बसला. मी पान दाखवायचं, त्याने तसं तोंड करायचं. भीतीचं पान दाखवलं तर तो खांबावर चढला. रडण्याच्या पानाला त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याचा पदर घेतला. पोरं किंचाळत होती, लोळत होती, एकाला तर उचकी लागली. मग मी रागाचं पान काढलं. त्याची भुवई चढली आणि उंबऱ्यावरची पोरगी उठून पाण्याच्या ड्रमामागे जाऊन लपली. त्याचा चेहरा पडला. कुठल्याच पानावर नव्हता असा तो चेहरा होता.

रोज हाच खेळ. पोरांनी पानं भराभर पलटायला सुरुवात केली, राग, आनंद, राग, आनंद, बिचाऱ्याला धाप लागायची. पेंटरही कुंचला टाकून खिडकीतून बघायचा. मी मात्र तिच्याकडे बघत होते. पहिल्या दिवशी ड्रमामागे, तिसऱ्या दिवशी ड्रमाच्या कडेला, पाचव्या दिवशी पुन्हा उंबऱ्यावर. बापाचं तोंड रागावर जातं आणि परत येतं, हे ती टक लावून बघत होती. पण त्याच्याजवळ काही जात नव्हती. तो हात पुढे करायचा, ती मूठ पाठीमागे न्यायची.

पटाच्या आदल्या दिवशी सकाळी तो पूर्ण वेशात आला. जरीचा अंगरखा, कमरेला पट्टा, डिंकाने चिकटवलेल्या मिशा. पोरं बाजूला सरकली. तो माझ्याशी हळू आवाजात बोलला.

"बाई, आज रंगीत तालीम आहे. पण मी मंडळाले सांगून टाकतो आता. एक महिना झाला, पोरगी मांडीवर आली नाई. दुसरा कोणी वाक्यं वाचून करन."

  माझं शिक्षण, माझं पुस्तक, माझे चिंचोके, सगळं मला त्या क्षणी फुकट वाटलं.

तेवढ्यात उंबऱ्यावरून ती उठली. माझ्यापाशी आली, माझ्या मांडीवरचं ते अवजड पुस्तक ओढून घेतलं. तिच्या हातात ते मावत नव्हतं. धडपडत तिने आनंदाचं पान काढलं, पुस्तक पोटाशी धरून बापासमोर उभं केलं. पुस्तकावरून तिचे नुसते डोळे दिसत होते.

त्याला पार्टाची सवय लागलेली. त्याने कमरेवर हात ठेवले आणि "हा हा हा हा!" असा गडगडाट केला. मी डोळे मिटून घेतले. आता पळणार ही.

"असा नाई," तिचा आवाज आला. "घरी हासते तसा हास."

महिन्याभरात बोललेलं हे तिचं दुसरं वाक्य. तो हसायला गेला. ओठ ताणले तशी एक मिशी सुटली आणि गालावर लोंबायला लागली. पोरांनी एकच कल्ला केला. त्यालाही हसू फुटलं, आतलं, खरं, घरचं. आणि हसता हसताच त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

तिने गंभीरपणे बापाकडे बघितलं. आनंदाचं पान बघितलं. मग रडण्याचं पान काढून त्याच्या तोंडाशेजारी धरलं, जुळतं का बघितलं. नाही जुळलं. पुन्हा आनंदाचं काढलं. तेही नाही. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"बाई, हे पान कुठी आहे?"

ते पान आमच्या पुस्तकात नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली, मीसुद्धा हसतच रडत होते. तिने क्षणभर विचार केला, पुस्तक खाली ठेवलं, बापाच्या मांडीवर चढली आणि मुठीतला चिंचोका त्याच्या ओल्या गालावर ठेवला. तो तिथेच चिकटून बसला. आपलं आजचं पान तिला सापडलं होतं.

पार्ट त्यानेच केला. गर्जना अशी की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. ती माझ्या मांडीवर होती. शेजारची पोरगी रडायला लागली तर हिने तिला बजावून सांगितलं, "माहा बाबा आहे तो. डरू नोको, माहा चिंचोका कमरेच्या पट्ट्यात आहे त्याच्या."

नाटक सुटल्यावर मी बघून घेतलं. खरंच होता.