डॉक्टरबाईंच्या लाल गाडीचं इंजिन

पोलीस खात्यात खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. त्यातल्या कित्येकांचे तपशील आता पुसट झाले आहेत. एका जुन्या गाडीच्या इंजिनाची तक्रार मात्र मला आजही सगळीच्या सगळी आठवते. तिच्यात रक्त सांडलं नव्हतं, वर्तमानपत्रात मोठे मथळे आले नव्हते. तरीही नोकरीतला महत्त्वाचा गुन्हा कोणता असं कुणी विचारलं, की मी हाच सांगतो.

तेव्हा मी नागपूर शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचा अंमलदार स्टेशन डायरी लिहून घरी निघण्याच्या बेतात होता. एवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आत आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात गाडीची किल्ली. अंमलदाराने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"माझ्या गाडीचं इंजन चोरीले गेलं," त्या म्हणाल्या. "गाडी जागेवर आहे. इंजनही जागेवर आहे. पण ते माझं नाही."

अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं. म्हातारपणी माणसं कधीकधी काय घेऊन ठाण्यात येतात, हे आम्हाला माहीत असतं. मी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

त्या निवृत्त सरकारी डॉक्टर होत्या. तरुणपणी सावनेर भागात नेमणूक होती. परप्रांतातल्या एका चहामळेवाल्याची दोन माणसांची लाल विलायती स्पोर्ट्‌स कार त्यांनी हौसेने विकत घेतली होती, आणि त्या गाडीतून त्या खाणींच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जात. यजमानांना गाडी चालवता येत नव्हती. ते हयात होते तोवर शेजारच्या सीटवर बसत. पुढे गाडी बंद पडली आणि बरीच वर्षं शेडमध्ये झाकून राहिली. आता बाईंना ती पुन्हा पहिल्यासारखी करून घ्यायची होती.

"गुडघे क्लच दाबतात तोवर मले ती चालवायची आहे," त्या म्हणाल्या.

जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्या एका गॅरेजवाल्याकडे त्यांनी गाडी दिली. काम सुरू करण्याआधी इंजिन मूळचंच आहे का, याची तपासणी करून घ्यायची असते. एकदा सगळं सोलून, घासून, रंगवून झालं की मग काहीच सिद्ध करता येत नाही. गॅरेजवाल्याने बाहेरगावचा एक तपासनीस बोलावला. त्याने इंजिनावरचा नंबर पाहिला, नोंदणीच्या कागदाशी ताडला, दोन्ही सारखे निघाले, आणि इंजिन मूळचं असल्याचा दाखला दिला. डॉक्टरबाई तो दाखला घ्यायला गेल्या, इंजिनावरून हात फिरवला आणि दाखला तिथेच ठेवून आल्या.

"माझ्या इंजनले डाव्या बाजूनं लोखंडाची पट्टी मारली आहे," त्यांनी सांगितलं. "पाटणसावंगीच्या पुढे एकदा आतला रॉड तुटला आणि इंजनची भिंत फोडून बाहेर आला. मी एका अडलेल्या बाईकडे जाऊन राहिली होती. कोळशाच्या ट्रकात बसून गेली. आई वाचली, पोरगंही वाचलं. खाणीच्या वर्कशॉपवाल्यांनी माझी गाडी ओढून नेली आणि फुटल्या जागी पट्टी बसवून दिली. या इंजनले पट्टीच नाही."

"गॅरेजवाले काय म्हणाले?"

"म्हणे, मॅडम, वयानं असं होते."

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. फक्त किल्ली टेबलावर ठेवली. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. दोन-तीन दिवसांत ते इंजिन मशीनवर चढवून आतून-बाहेरून घासणार होते. तसं झालं असतं तर पुरावाच उरला नसता.

मी दोन पंच घेतले, माझ्या जुन्या हवालदाराला बरोबर घेतलं आणि गॅरेजमध्ये गेलो. मोटारींतलं मला फारसं कळत नाही. पण चोरीच्या दुचाक्या मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या, आणि घासलेला नंबर कसा दिसतो हे कुठल्याही ठाणेदाराला ठाऊक असतं. सगळ्या इंजिनावर तेलाचा जुना काळा थर होता. नंबराभोवतीची जागा तेवढी किंचित खोलगट होती आणि तिथे कानशीच्या बारीक रेघा होत्या. बॅटरीचा उजेड तिरपा टाकल्यावर पंचांनाही त्या दिसल्या.

गॅरेजचा मालक पन्नाशीचा, सुशिक्षित, गोड बोलणारा होता. आम्हाला कूलरसमोर बसवून त्याने सरबत मागवलं. आम्ही ते घेतलं नाही.

"सर, गंज होता, तो पोरांनी साफ केला," तो म्हणाला. "नंबर कंपनीचाच आहे."

"गंज फक्त नंबरावरच होता?"

"हो सर."

"हे इंजिन गॅरेजच्या बाहेर कधी गेलं?"

"कधीच नाही, सर."

उत्तरं पटापट येत होती. माझा अनुभव असा, की खरं बोलणारा माणूस मधे अडखळतो, आठवतो, स्वतःचंच वाक्य दुरुस्त करतो. ज्याची उत्तरं तयार असतात, त्याच्याकडे मी पुन्हा जातो. इंजिन जप्त केलं, पंचनामा केला, सील लावलं आणि संध्याकाळी विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला.

दुसऱ्याच दिवशी एका वरिष्ठांचा फोन आला. गॅरेजवाल्याकडे शहरातल्या वजनदार लोकांच्या गाड्या असत, तेव्हा हे अपेक्षितच होतं.

"हे दिवाणी प्रकरण आहे," वरिष्ठ म्हणाले. "कागद आणि नंबर जुळतात. एका म्हातारीच्या आठवणीवर तुम्ही गुन्हा दाखल करता?"

"सर, नंबर घासलेला आहे. पंचनाम्यात आहे."

"मिटवून टाका."

"सर, तपास थांबवायचा असेल तर तसा लेखी आदेश द्या. मी केस डायरीला लावतो."

पलीकडून फोन ठेवला गेला. मीही ठेवला आणि कामाला लागलो.

त्याच आठवड्यात गॅरेजवाला एका प्रतिष्ठित गृहस्थाला घेऊन ठाण्यात आला. डॉक्टरबाईंनाही त्याने बोलावून घेतलं होतं. गाडीचं सगळं काम फुकट करून देतो, तक्रार मागे घ्या, असा त्याचा प्रस्ताव होता. प्रतिष्ठित गृहस्थांनी बाईंना समजावलं, की या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढता.

"पायऱ्या मी रोज चढते, तिसऱ्या मजल्यावर राहते," बाई म्हणाल्या. "मले फुकट काही नको. माझं इंजन कुठे आहे ते यांनी सांगावं."

"मॅडम, इंजिन तेच आहे," गॅरेजवाला म्हणाला.

"मंग तुमी फुकट काम काहून करून राहिले?"

गृहस्थ उठले आणि निघून गेले. गॅरेजवालाही त्यांच्या मागोमाग गेला.

खरी खबर आली ती माझ्या हवालदाराकडून. शहरालगतच्या वाडी भागातल्या ट्रान्सपोर्ट गोदामांत त्याची जुनी ओळखपाळख होती. एके दुपारी तो केबिनमध्ये आला आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, वाडीले एक पेटी पडून आहे. पंपाचं सामान म्हणून बुक केलं. गोदामाचा मुकादम म्हणते, उचलायले चार माणसं लागली आणि खालून काळं तेल गळून राहिलं. पाठवणारा आपलाच गॅरेजवाला आहे."

"गेली नाही अजून?"

"बाहेरच्या राज्यात जाणार होती. गुन्हा दाखल झाला तसा यानं फोन करून थांबवली."

मी लगेच निघालो नाही. आधी डॉक्टरबाईंना ठाण्यात बोलावलं. पंचांसमोर त्यांचा जबाब घेतला: पट्टी कुठे होती, केवढी होती, कशी बसवली होती. पेटीबद्दल त्यांना एक शब्दही सांगितला नाही. आधी वस्तू दाखवून मग ओळख विचारली, तर कोर्टात त्या ओळखीला काडीची किंमत राहत नाही. बाईंनी डोळे मिटले.

"तळहाताएवढी पट्टी. कडेनं स्क्रू. सगळे लोखंडी, पण खालच्या कोपऱ्यातला एक पितळी. वर्कशॉपात लोखंडी एक कमी पडला होता. नाही, थांबा. खालचा, पण पंख्याच्या बाजूचा कोपरा. तो मीच त्यायच्या हातात दिला होता."

मी शब्दन्‌शब्द लिहून घेतलं, सही घेतली. मग सगळे वाडीला गेलो.

गोदामात गरम पत्र्याखाली ती पेटी पडली होती. पंचांसमोर फळ्या उचकटल्या. आत गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन होतं. नंबराची जागा घासून कोरी केलेली. हवालदाराने चिंधीने डावी बाजू पुसली. आधी पट्टी दिसली, मग स्क्रू, आणि पंख्याच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पितळेचा पिवळा ठिपका. पंचांपैकी एकजण नकळत "हाव ना बापा" म्हणाला. डॉक्टरबाई पुढे आल्या, वाकल्या आणि पट्टीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना तिथून हलवायची मला घाई नव्हती.

दोन्ही इंजिनं प्रयोगशाळेत पाठवली. आकडा ठोकताना आतलं लोखंडही दबतं, त्यामुळे वरून घासला तरी रसायनाने तो पुन्हा उमटवता येतो. पेटीतल्या इंजिनाच्या कोऱ्या जागेवर बाईंच्या कागदावरचाच नंबर वर आला. गॅरेजमधलं इंजिन त्याच कंपनीच्या साध्या घरगुती गाडीचं होतं. बाहेरून जवळपास सारखं, ताकदीने कमी. त्यावर त्याचा मूळ आकडा पुसून बाईंचा ठोकला होता.

अटकेनंतरच्या चौकशीत गॅरेजवाल्याला मी अहवाल वाचून दाखवला. या वेळी उत्तरं पटापट आली नाहीत. बाहेरच्या राज्यातल्या एका शौकिनाकडे अशीच गाडी होती आणि तिचं इंजिन कायमचं निकामी झालं होतं. तशी इंजिनं आता मिळत नाहीत. त्याच्यासाठी गॅरेजवाल्याने बाईंकडे आधी गाडीच विकत मागितली होती, त्यांनी नाही म्हटलं होतं.

"पण सर, दुसऱ्या इंजिनावरही गाडी चाललीच असती ना," तो म्हणाला. "त्या एकट्या आहेत. आणखी किती दिवस चालवणार? त्यांना काय फरक पडला असता?"

मी अनेक आरोपींचे जबाब नोंदवले, पण जबाब अर्धवट टाकून पेन खाली ठेवलं ते तेवढ्या एका वेळी. त्याने आधी माणूस निवडला होता आणि मग इंजिन. एकटी, म्हातारी, बाई. हिचं कोण ऐकणार, हा त्याचा सगळा हिशोब. आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. तपासनीसाने त्यांना विचारलं नाही, वरिष्ठांनी ऐकलं नाही.

इंजिन न्यायालयाच्या आदेशाने बाईंना सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागेल तेव्हा कोर्टात हजर करण्याच्या हमीवर, मिळालं. गाडी दुसऱ्या कारागिराकडून उभी राहिली. नव्या कारागिराने पट्टी रंगाखाली झाकू का, असं विचारलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला.

खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलांनी उलटतपासणीत त्यांना विचारलं, "इतक्या वर्षांनी तुम्हाला एक स्क्रू आठवतो, यावर कोर्टानं विश्वास ठेवावा?"

"वकीलसाहेब," बाई म्हणाल्या, "तिकडे बाई अडली आहे आणि इकडे गाडी फुटली आहे, असं तुमच्यावर आलं असतं तर तुमालेही आठवलं असतं."

आरोपीला शिक्षा झाली. त्याने अपील केलं, तो त्याचा हक्क आहे.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर थोड्याच दिवसांत माझी बदली झाली, ठाण्यातून एका बिनकामाच्या शाखेत. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिथूनच निवृत्त झालो. त्यावर मित्र अजून हळहळतात.

मला मात्र या गुन्ह्याने एक गोष्ट पक्की शिकवली. आकडा आकड्याशी जुळला म्हणजे खरं हाती लागलं, असं नसतं. आकडा ठोकता येतो, दाखला मिळवता येतो. समोरचा माणूस म्हातारा आहे, एकटा आहे, त्याची तक्रार चमत्कारिक वाटते म्हणून त्याला परत पाठवणं फार सोपं असतं. ठाण्याच्या दारातून असे किती लोक रोज परत जातात, हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांच्या बाजूने उभं राहिलं तर खुर्ची जाते, हेही माहीत आहे. माझी गेली. मला तिचं दुःख नाही. पुन्हा त्या खुर्चीत बसवलं आणि तशीच तक्रार पुन्हा समोर आली, तर मी त्याच संध्याकाळी गुन्हा दाखल करीन.