नळात उतरलेला करंट

गर्शोन वाक्रुळकर मुंबईच्या एका कापडगिरणीत चौदा वर्षं वायरमन होता. १९५१ साली बायको, मुलगी आणि म्हातारी आई यांना घेऊन तो इस्रायलला आला आणि लोदमध्ये राहिला. चार वर्षं उलटली तरी वायरमनचं काम त्याला मिळालं नव्हतं. मुंबईचा दाखला इथे चालत नसे, आणि इथलं लायसन्स नसेल तर मीटरच्या पेटीचं शिशाचं सील तोडणं हा गुन्हा होता. कामं वाटणारी सरकारी कचेरी, लिश्का, त्याला रस्ते खणायला पाठवायची. मुकादम म्हणायचा, हा माणूस खड्डासुद्धा ओळंबा लावून खणतो.

लायसन्सची लेखी परीक्षा हिब्रूत होती. गर्शोन दोनदा नापास झाला. मुलगी अहुवा, जिला मुंबईत लिली म्हणत, रोज संध्याकाळी त्याच्याकडून शब्द घोकून घेई. १९५५च्या मे महिन्यात, तिसऱ्या खेपेला, तो पास झाला. आता फक्त गावच्या वीज-इन्स्पेक्टरची शिफारस हवी होती. इन्स्पेक्टरचं नाव दोव. तो ऑक्टोबरमध्ये शिफारशींची यादी वर पाठवणार होता.

ऑगस्टमध्ये घरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या.

वस्ती नवीच होती. तीन दुमजली इमारती, प्रत्येकीत चार बिऱ्हाडं, आणि बाराही बिऱ्हाडांना पाणी देणारी एकच लोखंडी नळी. ठेकेदाराने सहा महिन्यांत सगळं उभं केलं होतं. आधी गर्शोनच्या बायकोला, जेमायमाला, भांडी घासताना मुंग्या आल्यासारखं वाटलं. मग त्याची आई लीयाबाई हिने पेला हातातून टाकला. तिसऱ्या इमारतीत येहेझकेल म्हणून दुसरं एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब होतं, तान्ह्या बाळाचं, त्यांनाही तोच त्रास. बाकीच्या दहा घरांत कोणाला काही नाही. शेजारी हसले. हिंदी बायका मसाल्याच्या हातांनी नळ धरतात, म्हणून चुरचुरतं, असं कोणीसं म्हणालं.

गर्शोनने तक्रार लिहून दिली. दोव एका सकाळी आला. त्याच्या पायात जाड रबरी तळाचे बूट होते. तो तसाच आत आला, ओल्या फरशीवर उभा राहिला आणि नळ मुठीत धरला. त्याला काहीच लागलं नाही. ब्रिटिशांच्या काळात त्याने नोकरी केली होती, त्यामुळे दोघं इंग्रजीत बोलत.

"बारा घरं," दोव म्हणाला. "आणि करंट फक्त हिंदी लोकांनाच ओळखतो?"

"साहेब, आम्ही घरात अनवाणी असतो. वहाणा दाराबाहेर काढतो. तुम्ही बूट काढून बघा."

"इथे साहेब कोणी नाही. आणि मला अजून सहा घरं बघायची आहेत."

जाताना त्याने, वाईट हेतूने नव्हे, बजावलं की यादीत गर्शोनचं नाव आहे. पेटीला हात लागला तर ते काढावं लागेल. ठेकेदाराचा माणूस येऊन बघेल.

गर्शोन विचार करत राहिला. झिणझिण्या दिवसभर येत नसत. दुपारनंतर येत, त्याही रोज नाही. वरच्या मजल्यावर मोरोक्कोहून आलेली सुलिका राहायची. सकाळी ती एका शाळेत झाडलोट करी आणि दुपारी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करी. तिच्या विजेच्या इस्त्रीची तक्रार त्याने जिन्यात ऐकली होती: हिवाळ्यात कडक तापायची, आता उन्हाळ्यात कोमट राहते, नवी आणावी म्हणते. दुसरा कोणी असता तर त्याने मान हलवून सोडून दिलं असतं. पण इस्त्रीला ऋतू कळत नाही, जमिनीला कळतो.

त्याने अंगणात नळाशेजारी, जिथे गळतीने माती ओली होती, एक लोखंडी कांब ठोकली. एका बल्बच्या होल्डरला दोन वायरी लावल्या, एक कांबेला, एक नळीला, आणि सुलिकाला इस्त्री लावायला सांगितलं. बल्ब लालसर पेटला. इस्त्री काढली, विझला.

त्याच्या दृष्टीने गोष्ट साधी होती. करंट एका वायरीने येतो आणि दुसरीने परत जातो. सुलिकाच्या प्लगपर्यंत ती दुसरी वायर नेलीच नव्हती. दहा-बारा हात वायर आणि भिंत फोडायची मेहनत वाचवायला कोणीतरी ते टोक जवळच्या पाण्याच्या नळीला पिळून बांधलं होतं आणि वरून गिलावा मारला होता. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो; त्या ओलीत नळीतून करंट जमिनीत निघून जाई आणि इस्त्री तापे. उन्हाळ्यात माती सुकली, वाट अडली, आणि तोच करंट बारा घरांच्या नळांत तुंबून राहू लागला. ज्याच्या पायात काही नाही, त्याच्या अंगातून तो उतरे.

तो दोवच्या कचेरीत गेला, कागदावर आकृती काढून दिली. दोवने ती नीट पाहिली आणि फाइलला लावली. ठेकेदाराला पत्र गेलंय, म्हणाला. थांब. तू हात लावू नकोस.

गर्शोन थांबला. सुलिकाने विजेची इस्त्री फडताळात ठेवली आणि कुठूनशी कोळशाची आणली. घरात त्याने सगळ्यांना रबरी सपाता आणल्या. जेमायमाने घातल्या. आईने पायाने बाजूला सारल्या.

"चुलीपाशी वहाणा घालून उभी राहू? मी काय पोलीस आहे?"

"आई, जिवाचा प्रश्न आहे गं."

"मग बाबा, तू वायरमन ना? तूच नीट कर की."

ऑक्टोबर पाच आठवड्यांवर होता.

तीन आठवडे ठेकेदाराचा माणूस आला नाही. चौथ्या शुक्रवारी, शनिवारच्या विश्रांतीच्या, म्हणजे शब्बाथच्या, तयारीत, कोळशाच्या इस्त्रीची राख सुलिकाच्या एका पांढऱ्या सदऱ्यावर पडली. अजून दोन सदरे राहिले होते. दहा मिनिटांत काय होतंय, असं तिला वाटलं, आणि तिने फडताळातली इस्त्री काढली.

खाली लीयाबाई हात धुवायला उभी होती. दोन्ही हातांनी तिने नळ धरला आणि तो सुटेना. ती ओरडलीही नाही. गर्शोन कपडे बदलत होता. त्याला फक्त पाणी पडत राहिल्याचा आवाज आला. लाकडी पाट तिच्या कमरेत घालून त्याने तिला नळापासून ढकललं. ती फरशीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तळहात भाजले होते. श्वास चालू होता. जेमायमा तिच्याबरोबर अँब्युलन्समधून गेली.

दिवस मावळून शब्बाथ लागत होता, आता कुठलंही काम वर्ज्य. जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या घटकेला लायसन्सचाही त्याने विचार केला नाही. पेटीचं सील तोडलं, सुलिकाच्या भिंतीचा गिलावा उकरला, नळीला पिळलेलं टोक कापलं, पेटीपासून प्लगपर्यंत नवी वायर ओढली, सांधे घट्ट करून गुंडाळले. तासाभराचं काम. चार वर्षांत त्याने केलेलं ते पहिलं वायरिंग होतं, आणि ते चोख होतं.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी आठला दोव आला. सुलिकाने तक्रार केली होती: खालच्या बाईला शॉक बसला म्हणून. दोवने या वेळी दारातच बूट काढले, मोजेही काढले, ओल्या फरशीवर येऊन नळ धरला. वर सुलिकाने शाळेत न जाता मुद्दाम लावून ठेवलेली इस्त्री लाल होईल इतकी तापली होती. नळात काही नव्हतं.

गर्शोनने कापलेला वायरीचा तुकडा दाखवला, नळीवरची पिळाची खूण दाखवली. दोवने खुणेवरून बोट फिरवलं.

"ठेकेदार म्हणणार, त्याचं काम बरोबर होतं. तू लायसन्स नसताना पेटी उघडलीस आणि आईला शॉक लावलास," तो म्हणाला. "मला तसं वाटत नाही. पण वाटण्यावर लिहिता येत नाही. पूर्वी होतं तसं जोड. एक मिनिट. मी स्वतः नळ धरतो. बसला झटका तर आत्ता इथेच तुझी शिफारस लिहितो."

गर्शोन म्हणाला, अर्धा तास द्या, मी बारा घरी सांगून येतो की नळापासून दूर राहा. दोवने घड्याळ पाहिलं. बाहेर सरकारी गाडी उभी होती, तिला नऊला दुसऱ्या गावी पोचायचं होतं. आत्ता, नाहीतर नाही.

पक्कड गर्शोनच्या हातातच होती. तो जिन्यात दोन पायऱ्या चढलाही. मग थांबला.

"चुकीचं जोडणार नाही," तो म्हणाला.

दोवने बूट घातले. नाड्या बांधायला त्याला वेळ लागला. तुटलेल्या सीलबद्दल मात्र लिहावंच लागेल, असं तो खाली मान घालून म्हणाला.

पत्र नोव्हेंबरमध्ये आलं. अहुवाने मोठ्याने वाचलं: अनधिकृत फेरफार, पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. तिने कागद टेबलावर ठेवला आणि हिब्रूत विचारलं, "अब्बा, एकच मिनिट होतं. तो स्वतः नळ धरायला तयार होता."

गर्शोन मराठीत बोलला. "सकाळचे आठ वाजले होते. त्या वेळी येहेझकेलकडे बाळाला न्हाऊ घालतात."

"त्या दिवशी घालत नसतील."

"नसतील."

आतून आईने हाक मारली. तिला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. तो उठून आत गेला.