चासीला पडलेलं भोक

तपासनीसाने चासीच्या मागच्या उजव्या दांड्यावर हातोडीचे दोन टोले मारले. पहिल्याला ठण्ण आवाज आला. दुसऱ्याला भद्द. मग त्याने हातमोजा काढला, तिथे बोट घातलं आणि ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. गंजाचा भुगा त्याच्या बाहीवर पडला.

"ही गाडी तपासणीत पास होणार नाही," तो म्हणाला.

पिवळ्या रेषेच्या मागे, जिथे गिऱ्हाइकांनी थांबायचं असतं, तिथे माझे सासरे उभे होते. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण ते बोट त्यांनी पाहिलं होतं. ते हसले. आमच्याकडे आल्यापासून पाच आठवड्यांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

हे २०१६च्या ऑक्टोबरातलं. आम्ही जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला राहायचो. मी तिथे एका कंपनीत बेअरिंग डिझाइन करायचे. नवरा सॉफ्टवेअरमधला, आणि त्या वर्षी त्याचं काम ड्युसेलडॉर्फला असल्यामुळे तो सोमवारी पहाटे जायचा आणि गुरुवारी रात्री परत यायचा. गाडी माझी होती. फोर व्हील ड्राइव्ह, डिझेलची, एकवीस वर्षं जुनी, एका निवृत्त वनरक्षकाकडून घेतलेली. ऑफिसात मी दिवसभर स्क्रीनवर लोखंडाची चित्रं फिरवत असे. खरं लोखंड हाताला लागत नव्हतं, म्हणून घेतली. दुसरं कारण नाही.

सासरे एस.टी.च्या सांगलीकडच्या एका डेपोत वर्कशॉपला होते. फोरमन म्हणून निवृत्त झाले. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या, तेव्हा नवऱ्याने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मला विचारलं, पण ते तिकीट काढल्यावर. आमच्या लग्नाला त्यांचा विरोध होता. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे हे कळल्यावर, "आमच्या घरात एक मेकॅनिक पुरे आहे," असं ते मध्यस्थाला म्हणाले होते. लग्न तरीही झालं, आणि त्यांनी माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. म्हणजे आवाज यायचा, पण माझ्या दिशेने नाही. नवरा घरात असला की, "तिला सांग." नसला की हवेत सोडून द्यायचे, "चहा टाकावा." "खिडकी लावून घ्यावी." लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यांच्या तोंडून मला उद्देशून 'तू' काय, 'तुम्ही' काय, काहीच आलं नव्हतं.

तपासणीच्या कागदावर तीन गंभीर दोष लिहिले होते. चासीचा दांडा सडलाय, ब्रेकचा एक पाइप गंजलाय, स्टिअरिंगचा एक सांधा ढिला झालाय. महिनाभरात दुरुस्त करून परत दाखवायचं. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी स्पीकरवर ठेवला.

"तिला सांग, भंगारात घाल म्हणावं," सासरे फोनकडे बघून म्हणाले.

"बाबा, ती समोरच बसलीय ना?"

"मला दिसतंय. तू सांग."

"मी दुरुस्त करणार आहे," मी म्हणाले. "मी स्वतः."

खरं तर तोपर्यंत मी गॅरेजला देण्याचाच विचार करत होते. ते वाक्य मी फक्त त्यांच्यासाठी बोलले. मागच्या हिवाळ्यात वेल्डिंगचा एक कोर्स केला होता, तेवढ्याच जोरावर.

त्या शनिवारी नवरा ड्युसेलडॉर्फलाच थांबला होता. सकाळी मी इमारतीच्या होफमध्ये, म्हणजे मागच्या अंगणात, गाडी जॅकवर घेतली आणि मागचं चाक काढलं. अर्ध्या तासात तळमजल्यावरच्या बाई हातात हाउसऑर्डनुंगचा कागद घेऊन आल्या. इमारतीच्या नियमांचा तो कागद आम्हा सगळ्यांकडे होता, पण वाचलेला फक्त त्यांनी.

"इथे गाडी दुरुस्त करता येत नाही. तेल जमिनीत जातं."

"मी तेल काढतच नाहीये."

"पण काढू शकाल."

चाक परत बसवून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. सासरे वर बाल्कनीत कप घेऊन उभे होते. दुपारी जेवताना आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाले, "दुसऱ्याच्या देशात राहायचं तर तिथले कायदे माहीत असावेत."

शेवटी गावाबाहेरचं एक मीटवेर्कश्टाट शोधलं. तिथे लिफ्ट आणि अवजारं तासावर भाड्याने मिळतात, काम आपण करायचं. मी बुधवार-गुरुवार रजा टाकली. बुधवारी सकाळी निघाले तर सासरे जाकीट घालून, कानाला मफलर गुंडाळून दारात उभे. मी बोलावलं नव्हतं. गाडीत ते मागच्या सीटवर बसले.

वर्कशॉपचा मालक दाढीवाला, आडदांड माणूस होता. प्रत्येक वाक्याला "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणायचा. त्याने सासऱ्यांना एक खुर्ची दिली. त्यांनी ती उचलून बरोबर माझ्या लिफ्टसमोर आणून ठेवली आणि परीक्षकासारखे बसले.

सकाळी ब्रेकचा पाइप बदलला, स्टिअरिंगचा सांधा बदलला. दोन्ही कामं नीट झाली, त्यामुळे त्यांना बोलायला काही सापडेना. एक नट जाम झाला तेव्हा तेवढं म्हणाले, "पाना असा धरतात होय आता." मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग डिझेलची टाकी उतरवली, बॅटरी सोडवली आणि चासीच्या दांड्याला लागले. भोकाच्या आजूबाजूचा गंज ग्राइंडरने घासला, पत्र्याचा तुकडा कापला, वाकवून बसवला आणि चारी बाजूंनी वेल्ड केला. चार वाजून गेले होते. वेल्डिंगची रेघ सुंदर आली होती, एकसारखी. मालकाने येऊन अंगठा वर केला. मी फोनवर फोटो काढला.

सासरे उठले. माझ्या ट्रेमधला मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, लिफ्टखाली आले, माझ्या वेल्डिंगच्या शेजारी दोन बोटं सोडून टोक टेकवलं आणि मुठीवर तळहात मारला. स्क्रूड्रायव्हर अर्धा आत गेला.

"बाबा! काय केलंत हे?"

"सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा डकवलाय," ते गाडीला म्हणाले. "डेपोत असं काम कोणी केलं असतं तर त्याला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता."

"डेपो संपला तुमचा. आता तुम्हीच घरी बसलाय."

त्यांनी वळून पाहिलं. मी थांबले नाही. चार तास मान वर करून काम केलं होतं, डोळ्यांत भुगा गेला होता. "सासूबाईंनी कशी काढली इतकी वर्षं, देव जाणे," मी म्हणाले. "त्यांच्याशी तरी थेट बोलायचात का? की त्यांनाही हवेतच सांगायचात?"

वर्कशॉपमधल्या कुणालाही मराठी येत नव्हतं, पण पलीकडच्या लिफ्टवरच्या दोघांनी हातातलं काम थांबवलं. सासऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर ट्रेमध्ये ठेवला आणि बाहेर जाऊन थंडीत उभे राहिले. मी आवराआवर केली तोवर तिथेच उभे होते. बसने घरी जाताना आम्ही दोन वेगळ्या बाकांवर बसलो.

स्क्रूड्रायव्हर आत गेला त्याच क्षणी मला कळलं होतं की ते बरोबर आहेत. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जायचं, हे मला कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी कंटाळा केला होता. पण हे त्यांना सांगायचा विचारही माझ्या मनात आला नाही.

वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत. सकाळी सातला बूट घालून तयार होते.

मी आदल्या दिवशीचं सगळं काम कापून टाकलं. सासऱ्यांनी खिशातून खडू काढला आणि दांड्यावर रेघ मारली. "इथपर्यंत कापावं." मी रेघेच्या अलीकडे कापलं. त्यांनी पुन्हा तिथेच रेघ मारली. या वेळी मी रेघेवर कापलं. तळहाताएवढं भोक आता कोपरापासून मनगटापर्यंत लांब झालं होतं.

नवीन पत्रा बसवून मी पहिला टाका मारला, दुसरा मारला. तोंडावर वेल्डिंगचा मास्क होता, त्यातून ठिणगीपलीकडे काही दिसत नव्हतं. दांड्याच्या आत गंज लागू नये म्हणून कुणीतरी कधीकाळी मेण भरलेलं होतं. त्याने पेट घेतला. मला नुसता वास आला, आणि वाटलं पत्र्यावरचा रंग जळतोय. मी वेल्डिंगची गन चालूच ठेवली.

"बाजूला हो!"

कुणीतरी मला खांद्याने ढकललं. मास्क वर केला तर दांड्याच्या मागच्या तोंडातून ज्वाळा येत होती आणि सासरे बादलीत बुडवलेला मफलर त्यात कोंबत होते, हाताने, थेट. वाफेचा फस्सकन आवाज झाला. मालक आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला तोवर नुसता धूर उरला होता.

"दोघंही बाहेर व्हा!" मालक ओरडला. "माझं अख्खं शेड जाळाल!" त्याला शांत करायला पंधरा मिनिटं लागली. शेवटी तो एका अटीवर तयार झाला. कुणीतरी सतत शेजारी उभं राहून लक्ष ठेवायचं. ते कुणीतरी कोण, हे उघड होतं.

सासऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. मी म्हणाले, "हात दाखवा, बाबा."

"आधी आतलं मेण खरवडून काढावं," ते म्हणाले. परत हवेत.

मालकाकडून मलम आणि पट्टी आणली. ती त्यांनी स्वतःच, दातात धरून बांधली. मला जवळ येऊ दिलं नाही.

दुपारभर मी वेल्डिंग केलं आणि त्यांनी दिवा धरला. "सावकाश." "डावीकडे राहिलं." "गार होऊ द्यावं." याशिवाय शब्द नाही. हे ऐकून कुणाला वाटेल, त्या चार तासांत आमच्यात काहीतरी जुळलं असेल. नाही जुळलं. त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता आणि मला तो नकोसा होत होता. माझी रेघ जरा वाकडी गेली की ते जिभेने च्च करायचे, आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी सुस्कारा सोडायचे. काम मात्र चोख झालं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळीकडे टोचून पाहिलं. कुठेच गेला नाही. तो त्यांनी ट्रेमध्ये टाकला आणि जाकीट घालायला गेले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी. तोच तपासनीस. त्याने टोले मारले, टॉर्च घेऊन रेघ न् रेघ पाहिली आणि मला म्हणाला, "स्वच्छ काम आहे. कुणी केलं?"

"मी."

"एकटीने?"

"जा," मी म्हणाले.

सासरे पिवळ्या रेषेच्या मागेच होते. दोन महिन्यांत एवढं जर्मन त्यांना आलं होतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी मागून विचारलं, "काय विचारत होता?"

"कुणी केलं म्हणून."

"मग?"

"मी केलं म्हणाले."



नोव्हेंबरच्या शेवटी ते परत गेले. पंधरा दिवसांनी सासरच्या फॅमिली ग्रुपवर नणंदेने लिहिलं, "बाबांनी जर्मनीत जाऊन भंगारात निघालेली गाडी उभी केली! तिथले लोक बघतच राहिले म्हणे!" खाली पंचवीसेक टाळ्या. एका चुलत सासूबाईंनी विचारलं, सूनबाईंनी काय केलं? नणंदेने लिहिलं, "वहिनी चहा देत होती."

हे त्यांनीच सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. जेवण तसंच ठेवलं आणि त्या गुरुवारी वर्कशॉपच्या मालकाने माझ्या फोनवर काढलेले फोटो उघडले. तीन निवडले. मास्क लावलेली मी, हातात गन असलेली मी, तयार दांड्याजवळ उभी मी. ग्रुपवर टाकले, खाली काही लिहिलं नाही.

 दोन तासांनी पडद्यावर ओळ आली, सासऱ्यांनी ग्रुप सोडला.

संध्याकाळी ड्युसेलडॉर्फहून नवऱ्याचा फोन. "म्हातारा माणूस आहे गं. काय मिळालं तुला?"

"काम माझं होतं."

"हो. पण तो दुसरा फोटो तू मला त्याच दिवशी पाठवला होतास. त्यात बाबा होते."

मी फोन कट केला. त्या फोटोत सासरे माझ्या उजवीकडे उभे आहेत, पट्टी बांधलेल्या हाताने दिवा धरून. ग्रुपवर टाकण्याआधी मी तो कापला होता. अगदी बेताने, फक्त त्यांच्यापुरता. पूर्ण फोटो अजून माझ्याकडे आहे. नवऱ्याशिवाय मी तो कुणाला पाठवलेला नाही.