दगडूआप्पांच्या मोटरसायकलची खांदेमळणी

समस्त ग्रामस्थ, पैपाहुणे आणि रस्त्याच्या मधोमध झोपणारी कुत्री यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या वस्तीवरच्या दगडूआप्पांनी साठीला टेकता टेकता आयुष्यात पहिल्यांदा गिअर टाकला आणि तो पडला. आधी गिअर पडला. आप्पा त्याच्यानंतर, बाभळीपाशी पडले.

पडल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. "भ्याली," ते मला म्हणाले, "नवा धनी हाय ना."

आप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांनी शेती केली, पोरं शिकवली, एकदा सोसायटीच्या निवडणुकीत पडले. हे सगळं बऱ्याच लोकांनी केलेलं असतं. पण मोटरसायकल बैलासारखी सांभाळणारा माणूस मी एकच पाहिला, म्हणून हा खटाटोप.

आमची वस्ती भीमेच्या अलीकडे, शिरूर तालुक्यात. नदीच्या पलीकडे दौंड तालुका लागतो, आणि तिथे केडगावला आप्पांच्या बायकोचं, म्हणजे पारूकाकूंचं, माहेर. लग्न झाल्यापासून काकू माहेरी गेल्या त्या बैलगाडीतून. मग ट्रॅक्टर आला, शेवटची बैलजोडी गेली, आणि त्यांचं माहेरही नदीपलीकडे राहून गेलं. एसटी यायची, पण तिच्या मर्जीने. काकूंची आई अंथरुणाला खिळलेली. ती शेजारणीच्या फोनवरून रोज एकच विचारायची, "कवा येतीस?" लेकीला वाटायचं, आपण पोचायच्या आत हा फोनच यायचा थांबेल.

म्हणून आप्पांनी जुनी मोटरसायकल घेतली. ती तीन मालकांकडे नांदून आलेली होती आणि चौथ्याकडे खोकतच शिरली. काकूंनी तिला हळदीकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि जाहीर केलं, "जेच्या डोळ्यात बघता येत न्हाई, तेच्या पाठीवर मी बसायची न्हाई."

मी रांजणगावला एका कारखान्यात स्टोअरमध्ये आहे. नटबोल्ट मोजून देणे हे माझं काम. ते पुढे कुठे बसतात याची मला सुतराम कल्पना नाही. तरी "भाऊ कंपनीत हाय, तेला मशिनीतलं कळतं" या एका वाक्यावर आप्पांनी मला गुरू केलं. मीही कपाळाला आठ्या घालून इंजिनाकडे बघत असे. आठ्या बऱ्या पडल्या, की आप्पांना समाधान वाटे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी इंजिनात गळ्यापर्यंत ऑइल ओतलं. खुणेपर्यंतच भरायचं असतं, हे त्यांना मान्य नव्हतं. "भरल्या घरात जनावर अर्धपोटी ठिवायचं? लोक काय म्हंतील?" गाडीने असा काही पांढरा धूर सोडला की शेजारच्या वस्तीवरची माणसं बादल्या घेऊन धावली. शिरूरच्या रफिक मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि डॉक्टरच्या आवाजात सांगितलं, "आप्पा, हिला अजीर्ण झालंय." ही भाषा आप्पांना तात्काळ कळली. पुन्हा कधी त्यांनी खूण ओलांडली नाही.

तिथून शिक्षण मार्गी लागलं. रफिकभाई एक सांगायचे, आप्पा त्याचं गोठ्यात भाषांतर करायचे. चेन किती ताणायची? "कासऱ्यावानी. लई वढला तर तुटतो, ढिला सोडला तर बैल वढ्यात." स्पार्कप्लग म्हणजे दात, महिन्याला काढून बघायचा. दुपारच्या उन्हात गाडी चालवायची नाही, ही अट त्यांनी स्वतःच्या मनाने घातली. रस्त्यात सावली दिसली की ते थांबत, गाडीला स्टँडवर लावत आणि स्वतः उभे राहत. बसायची ती फक्त गाडी. ब्रेक दाबणं मात्र त्यांच्या जिवावर येई. "चालत्या जनावराला हिसका देऊ नी," म्हणत ते आधीच गिअर उतरवून गाडी आपोआप दमायची वाट बघत.

वर्षभरात गाडीचा खोकला गेला. आप्पा केडगावपर्यंत एकटे जाऊन आले, सासूला पेरू देऊन आले. काकूंनी त्यांना खोदून खोदून विचारलं. वाटेत बुजली का? अडली का? पुलावर घाबरली का? अखेर पोळ्याच्या तोंडावर त्यांनी फोनवर आईला सांगून टाकलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येते. पुरणाची पोळी आणते." मला हुकूम झाला, "भाऊ, तुम्ही तुमच्या स्कूटरवर मागनं या. पडले तर उचलायला कुणीतरी पायजे."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. जू ओढून ओढून बैलाचे खांदे जिथे घासतात, तिथे तूप आणि हळद चोळायची. मी सहज आप्पांच्या अंगणात डोकावलो. गाडी आंघोळ करून उभी होती, हँडलला तूप-हळद लागलं होतं आणि आप्पा मागचं चाक काढून बसले होते. मला फार गोड वाटलं. मी फोटो काढला आणि घरी जेवायला गेलो. पोळ्याच्या दिवशी गाडीला अर्थातच सुट्टी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मांडीवर पोळ्यांचा डबा घेऊन, डोळे मिटून मागे बसल्या. मैल-दोन मैलांवर एक डोळा उघडला. मग दुसरा. मग मी मागून पाहिलं, तर डोक्यावरचा पदर वाऱ्यावर सोडून त्या चक्क उसाची रानं बघत होत्या.

पुलाअलीकडे उतार लागतो. उतारावर आप्पांची गाडी वेग घेऊ लागली. मला वाटलं, आप्पा रंगात आले. तेवढ्यात त्यांचा आवाज आला, "हो! हो! हो राजा!" समोर पुलावर उसाची ट्रॉली आडवी झालेली. आप्पांनी उजवीकडे बघितलं, तिथे विहीर. डावीकडे गुऱ्हाळ. गाडी डावीकडे वळली, आवारात शिरली आणि वाळत घातलेल्या चिपाडांच्या ढिगात मालक-मालकिणीसह अदृश्य झाली.

कढईवरचे लोक धावले. दोघांना ओढून काढलं. खरचटलंसुद्धा नव्हतं, काकूंच्या हातात डबा सरळच्या सरळ. आप्पांनी मात्र पाना मागितला, चाक खोललं आणि ब्रेकच्या लायनरवरून, म्हणजे चाकाला घासून थांबवणाऱ्या पट्टीवरून, बोट फिरवून वास घेतला. साजूक तूप. पुढच्या चाकातही तेच.

"आप्पा, ब्रेकला तूप?" मी ओरडलो.

"जिथं घासतं तिथंच लावत्यात ना," ते खाली बघत म्हणाले. "वर्सभर तिथंच घासतंय बिचारीचं."

मग त्यांनी पेट्रोलने लायनर धुतले, पॉलिश पेपरने घासून कोरडे केले, चाकं बसवली, आवारात पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिले. हात सफाईदार चालले होते, पण मान वर होत नव्हती. आता बायको या गाडीवर जन्मात बसणार नाही, हे त्यांनाही कळलं होतं आणि आम्हालाही. गुऱ्हाळावरचा एक भैया हात जोडून काकूंना म्हणाला, "माताजी, गुड का टेम्पो केडगाव ही जा रहा है. आगे बैठ जाओ, आराम से पहुँचोगी."

टेम्पोचं दार उघडलं. काकूंनी टेम्पोकडे पाहिलं, मग केसांत चिपाडं अडकलेल्या नवऱ्याकडे, मग गाडीकडे. आणि सगळ्या गुऱ्हाळाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या भडाभडा बोलून गेल्या, "आवो, बुजली आसंल ती! जरा हातानं फिरवून आणा, पाठ थोपटा, मग बसते मी!"