भोपळ्याला गॉगल

माझ्या लेकीला एकच डोळा आहे, असं मी तोंडाने कधी म्हणत नाही. दिसायला दोन्ही आहेत, चांगले टपोरे. पण डाव्याने तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. तो डोळा जन्मापासूनच आळशी. शाळेत तपासणीला डॉक्टर आले तेव्हा आम्हाला कळलं, आणि तोवर उपचाराचं वय निघून गेलं होतं. वडगावच्या डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं, "बाई, आता सगळा भार या उजव्यावर. याला जपा." मी जपलं. विटीदांडू नाही, रंगपंचमी नाही, फटाका तर लांबूनही नाही. भात झोडपायला घेतला की तिला खळ्याकडे फिरकू द्यायची नाही, कारण कुसळ उडतं. शेजारणी म्हणायच्या, पोरगी आहे का काचेची बरणी? म्हणू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अशी ही पोरगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आई, मी एअरसॉफ्ट खेळायला जाणार हाये."

एअरसॉफ्ट काय असतं ते तिने मोबाइलवर दाखवलं. हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, समोरासमोर दोन टोळ्या, झाडाझुडपांत लपायचं आणि एकमेकांवर वाटाण्याहून थोड्या लहान अशा प्लास्टिकच्या गोळ्या झाडायच्या. लोणावळ्याच्या पुढे डोंगराला लागून एकाने मैदान काढलं होतं आणि तिच्या वर्गातली पोरंपोरी तिथे जात होती. जगात खेळ काय कमी पडले होते? माझ्या पोरीला नेमका तोंडावर गोळ्या येणारा खेळ आवडावा!

"न्हाई," मी म्हणाले.

"गॉगल असतो आई. त्याच्याबिगर आत सोडतच न्हाईत."

"आन फुटला तर?"

"न फुटणारा घिऊ की."

तिचा बाप तळेगावला कारखान्यात आहे. घरात एरवी मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प असतो, पण नको तिथे बरोबर बोलतो. म्हणाला, "अगं, जल्मभर डबीत ठिवणार हाईस का तिला? चांगला गॉगल बघ आन जाऊ दे." उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण त्यातलं 'चांगला बघ' एवढं मी बरोबर धरलं. म्हटलं ठीक आहे, मी पास करीन तो गॉगल घालायचा, आणि मी पास करेपर्यंत मैदानाचं नाव काढायचं नाही. पोरगी खुशीत हो म्हणाली. एकही गॉगल पास करायचा नाही हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं, ते तिला कुठे माहीत.

पहिला गॉगल बापाने आणला, त्याच्या कंपनीतला. पारदर्शक, हलका, कानाला लावायचा. "आमच्यात याच्यावर लोखंडाचा कीस उडतोय, काय व्हत न्हाई," तो कौतुकाने म्हणाला. मी पोरीला तो घातला, डोळे मिटायला सांगितले आणि मूठभर तांदूळ घेऊन खालून तिच्या तोंडावर उडवले. दोन दाणे गालावरून सरळ आत गेले आणि पापणीला चिकटले.

"आई, आत्ताच अक्षता?" ती डोळे मिटूनच हसत म्हणाली.

मला हसू आलं नाही. चष्म्याला बाजूने आणि खालून फट होती. तांदूळ जातो तिथून गोळीही जाणार. बापाने गॉगल गुपचूप डब्याच्या पिशवीत परत टाकला.

दुसरा आमच्या घरचाच. बेगडेवाडीजवळ आमचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. तिथल्या फुलांतली काही बाजारात जातात, काही शिरगावला मंदिराबाहेरच्या हारवाल्यांकडे. तिथे औषध फवारताना घालायचा एक गॉगल आहे, चारी बाजूंनी रबर असलेला. तांदळाच्या परीक्षेत तो पास झाला, एक दाणा आत गेला नाही. आता आली का पंचाईत! गोळीने तो फुटतो का हे बघायला बंदूक पाहिजे, आणि बंदूक तर मैदानावर. म्हणजे ज्या ठिकाणाचं नाव काढायचं नाही असं मीच म्हटलं होतं, तिथे मलाच जावं लागणार होतं.

मडकं घेताना आम्ही टिचकी मारून घेतो. बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो. मग डोळ्यावर घालायची वस्तू दुकानदाराच्या शब्दावर कशी घ्यायची? मी गोठ्यावरच्या वेलाचा चांगला माणसाच्या डोक्याएवढा भोपळा उतरवला आणि आम्ही मायलेकी लोकलने लोणावळ्याला निघालो. भोपळा माझ्या मांडीवर. पोरीने त्याला गॉगल घालून बघितला, बसला अगदी बरोबर. समोरच्या आजी जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उन्हाचा तरास हाये व्हय गं त्याला?" पोरगी खिडकीकडे तोंड करून हसत सुटली. मी म्हणाले, "व्हय, नाजूक हाये लय."

मैदानवाला पुण्याचा, तिशीतला मुलगा. भोपळा बघून त्याला वाटलं आम्ही भाजी विकायला आलोय. मी पोरीच्या डोळ्याचं सगळं खरं खरं सांगितलं. तिला ते आवडलं नाही, ती खाली बघून बुटाने माती उकरायला लागली. पण तो मुलगा हसला नाही, हे मला बरं वाटलं. म्हणाला, "मावशी, मग आपण जवळूनच मारून बघू. खेळात एवढ्या जवळून कोणी मारत नाही, पण तुमची खात्री होऊ दे."

फवारणीचा गॉगल तिसऱ्या गोळीला तडकला. काचेचा एक तुकडा निघून भोपळ्याच्या सालीत घुसला. मी तो नखाने उपटून काढला आणि पोरीच्या तळहातावर ठेवला.

मग त्याने जाळीचा गॉगल दाखवला. काच नाहीच, बारीक लोखंडी जाळी. त्यावर कधी धुकं धरत नाही म्हणून पुष्कळ जण तोच घेतात. गोळी जाळीतून जाणार नाही हे दिसतच होतं. पण मी म्हटलं, मारा. मारल्यावर गॉगल उतरवून भोपळ्यावर बोट फिरवलं तर पांढरा चुरा लागला. गोळी जाळीवर आपटून फुटली होती आणि तिचा कणीसारखा चुरा आत आला होता.

"म्हणूनच मी हा देत नाही कोणाला," मैदानवाला म्हणाला. "तुमच्या मुलीसाठी तर नकोच." मग त्याने स्वतःचा गॉगल डोक्यावरून काढला. दुहेरी काच, मागे स्पंजाची जाड कड, डोक्यामागून रुंद पट्टा. त्याने जवळून गोळ्या मारल्या, मी आणखी जवळून मारायला लावल्या. काचेवर नुसते पांढरट ठिपके उठले. भोपळ्याच्या अंगावर मात्र आजूबाजूला चांगले खड्डे पडले. मला मनातून वाईट वाटलं, की हा काही फुटत नाही.

पण तो गॉगल तिच्या छोट्या तोंडावर नाकापेक्षा मोती जड असा झाला. नाकापाशी माझी करंगळी आत जाईल एवढी फट राहिली. "बसत न्हाई," मी पटकन म्हणाले, आणि माझ्या आवाजातला आनंद तिला ऐकू आला असावा. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मीच नजर वळवली.

"लहान तोंडासाठी वेगळा येतो," मैदानवाला म्हणाला. "मी मागवतो. आणि मावशी, अजून एक सांगतो. गॉगल फुटून कोणाला लागलेलं मी इथे बघितलेलं नाही. घाम येतो, काचेवर धुकं धरतं, दिसेनासं होतं, मग माणूस एक क्षण गॉगल वर करतो. लागतं ते तेव्हा. पुसल्याशिवाय तासभर डोळ्यावर राहील असाच गॉगल घ्या."

भोपळा आम्ही परत नेला. गोळ्या वेचून काढून त्याची भाजी केली. बाप म्हणाला झकास झालीय.

लहान गॉगल आला तेव्हा भाद्रपद लागला होता. फट नव्हती, तांदूळ आत जात नव्हते. आता धुकं एवढंच राहिलं. त्याला आमच्या पॉलिहाऊससारखी दुसरी जागा नाही. पावसाळ्यात आत शिरलं की अंगाला घामाची धार लागते आणि साध्या चष्म्यातून तर काहीच दिसत नाही. मी पोरीला गॉगल घालून गुलाब काढायला लावले. ती एका ओळीतून गेली, दुसऱ्या ओळीतून आली. पाठ भिजून गेली, तोंड लाल झालं, पण हात गॉगलकडे गेला नाही. शेवटी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दोन्ही काचा स्वच्छ होत्या, आणि तिचे दोन्ही डोळे माझ्याकडे बघत होते. त्यातला कोणता बघतो ते फक्त मला कळतं.

"आता?" ती म्हणाली.

मला कारण सापडेना. मी खूप शोधलं. "काटं बघ, हाताला लागत्याल," एवढंच म्हणाले आणि टोपली उचलून बाहेर आले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. बापाची कारखान्यात पाळी होती. मैदानावर ढग उतरले होते, दहा पावलांवरचं झाड पुसट दिसत होतं. मैदानाला हिरवी जाळी, जाळीच्या बाहेर बाक. जाळीजवळ बसणाऱ्यानेही गॉगल घालायचाच असा तिथला नियम, म्हणून मला तिथलाच एक ओरखडे पडलेला, एकेरी काचेचा गॉगल मिळाला. मैदानवाला पोरांना गोल उभं करून नियम सांगत होता, तेव्हा मी गॉगलचा पट्टा अंबाड्यावरून कसा न्यायचा या खटाटोपात होते. एक अक्षर ऐकलं नाही.

शिट्टी झाली. सगळी पांगली. पत्र्याची पिंपं, टायरांच्या भिंती, करवंदीच्या जाळ्या, त्यांच्याआडून टपटप आवाज यायला लागला, पत्र्यावर कोणी मूठमूठ डाळ फेकावी तसा. मी तिचा निळा टी-शर्ट तेवढा नजरेत धरून ठेवला होता. मग तो एका पिंपामागे गेला. मी उभी राहिले.

आणि पिंपामागून तिचा हात वर आला, सरळ, ताठ.

आमच्याकडे शेतात लांबून हाक पोचत नाही. कोणी हात असा सरळ वर धरला की एकच समजायचं. साप निघालाय नाहीतर कोणाला लागलंय, हातातलं टाकून धावत या. मी धावले. जाळीचं दार ढकललं आणि चपला टाकून चिखलातून सुटले. मागून कोणीतरी ओरडलं, शिट्ट्या वाजायला लागल्या, पण टपटप लगेच थांबली नाही. धावता धावता माझ्याच श्वासाने गॉगल पांढराफट झाला. पुढे पोरगी नाही, पिंप नाही, काही नाही. मी दोन्ही हातांनी गॉगल उचलायला गेले.

दोन तळवे माझ्या तोंडावर आदळले. गॉगल कपाळापर्यंतही गेला नव्हता, तो तिने परत डोळ्यांवर दाबला, इतका जोरात की नाकाचं हाड दुखलं.

"काढू नगंस!" ती माझ्या कानात ओरडली. "अक्कल हाये का आई? गोळ्या चालू हायेत, डोळा जाईल ना!"

मला काही दिसत नव्हतं. मी तिचे खांदे चाचपले, मान चाचपली, मग वर गॉगल हाताला लागला, शाबूत, आपल्या जागेवर. "कुटं लागलं? कुटं लागलं तुला?"

"दंडाला. गोळी लागली की हात वर करून आपणच भाईर यायचं असतं, आसा नियम हाये. मी बाद झाले, दुसरं काय न्हाई." तिचा आवाज कापत होता, पण ती स्वतःसाठी घाबरलेली नव्हती. तिने एक हात माझ्या गॉगलवर तसाच दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने मला कवेत धरून चालवायला लागली. टपटप केव्हाच थांबली होती, तरी तिने हात काढला नाही. "हितं खड्डा हाये, पाय उचल. आता टायर हाये, माज्याकडं ये." ती म्हणेल तिथे मी पाय उचलत होते. कारटी मला रागावत होती, आणि मला जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं निर्धास्त वाटत होतं. मी तिथेच, गॉगलच्या आत, रडायला लागले.

जाळीच्या बाहेर आल्यावर तिने माझा गॉगल स्वतः काढला आणि टी-शर्टच्या कोपऱ्याने आतून पुसला. तिच्या दंडावर मच्छर चावल्यासारखा एक लाल ठिपका होता. मैदानवाल्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे मावशी."

पुढच्या डावाची शिट्टी झाली. तिची टोळी हाका मारत होती, पण ती हलेना. माझ्याकडे बघत राहिली.

"जा," मी म्हणाले.

"तू हितंच बसायचं. डाव संपस्तोवर गॉगल काढायचा न्हाई. धुकं धरलं तरीबी न्हाई."

"बरं," मी म्हणाले.

ती जाळीच्या आत गेली. थोड्या वेळाने माझ्या काचेवर परत धुकं धरलं, निळा टी-शर्ट दिसेनासा झाला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.